साहेब ‘स्टेडी’ म्हणाले

घोटावड्याच्या शिवारात ज्या चार खाचरांत आंबेमोहोर पिकायचा, तिथे ऐंशी सालाच्या पुढेमागे पत्र्याच्या दोन शेड उभ्या राहिल्या. पुण्याच्या कुणा मालकाचा कारखाना. लोखंडी पत्रा दाबून त्याचे सुटे भाग काढतात, एवढंच गावाला त्यातलं कळलं. पण रोज सकाळी भोंगा वाजू लागला आणि आसपासची वीस-पंचवीस माणसं हातात डबा घेऊन त्या दिशेनं चालू लागली. त्यांत बौद्धवस्तीतला आनंदा होता.

आनंदा तेव्हा सव्वीस वर्षांचा. अंगानं काटक, बोलायला कमी, शाळा सातवीपर्यंत. कारखान्यात तो खलाशांच्या टोळीत लागला. खलाशी म्हटलं की बोट आठवते, पण अवजड यंत्रं उचलणारे, सरकवणारे, जागेवर बसवणारे जे गडी असतात त्यांनाही खलाशीच म्हणतात. टोळीचा मुकादम होता कुशाबा, मुळशी धरणाच्या काठचा, साठीला टेकलेला. तो तरुणपणी मुंबईच्या गोदीत राहून आला होता आणि तिथली बोली त्यानं इथल्या गड्यांना शिकवली होती. ‘हबेस’ म्हटलं की वजन चढवायचं. ‘आरिया’ म्हटलं की उतरवायचं. आणि कुशाबानं नुसतं ‘धर!’ म्हटलं की जो जिथे असेल तिथे त्यानं श्वाससुद्धा रोखून धरायचा. तीन-चार वर्षं याच तीन शब्दांवर काम चाललं होतं आणि कुणाच्या नखालाही इजा झाली नव्हती.

त्र्याऐंशी सालच्या दिवाळीनंतर नवे साहेब आले. पुण्याचेच, नुकतेच इंजिनिअर झालेले, डोक्यावर पिवळी टोपी. माणूस वाईट नव्हता. गड्यांना अहो-जाहो करायचा, चहा सगळ्यांबरोबर उभ्यानं प्यायचा. फक्त काम सुरू झालं की त्याच्या तोंडून इंग्रजी सुटायचं. त्याला ते कळतही नसावं. ‘होल्ड इट’, ‘इझी’, ‘लेट गो’ असे शब्द शेडच्या पत्र्यावर गारा पडाव्या तसे पडत. गडी माना हलवायचे आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून कुशाबाकडे बघायचे. कुशाबा जे करील ते करायचे. ‘कळलं नाही’ असं साहेबांना सांगायला कुणीच धजत नव्हतं. आनंदा तर नाहीच. आपल्याला इंग्रजी कळत नाही हे लपवायला तो इतरांपेक्षा जरा जोरातच मान हलवायचा.

डिसेंबरात पुण्याहून हिंजवडीमार्गे एक ट्रक आला. त्यावर पत्रा दाबायचा नवा प्रेस होता, तीन टनांचा, हिरव्या रंगाचं धूड. तो दुसऱ्या शेडमध्ये बसवायचा होता. त्यासाठी कमरेएवढा खोल खड्डा खणून, त्याच्या कडा विटांनी बांधून घेतल्या होत्या. खड्ड्यावर तीन लोखंडी खांबांचं तिकाटणं उभं केलं, त्याला साखळीची कप्पी टांगली, आणि दुपारी जेवण झाल्यावर प्रेस उचलला. खड्डा दोन चाकांच्या मधे घेऊन उभा असलेला ट्रक खालून निघून गेला. तीन टनांचं धूड खड्ड्याच्या तोंडाशी उतरवून थांबवलं आणि ते साखळीवर लोंबकळत राहिलं.

त्याच्या दोन टोकांना दोन दोर बांधले होते. लोंबतं वजन गरगरू नये म्हणून हे दोर ताणून धरायचे असतात. एक दोर आनंदाच्या हातात, समोरचा भैरूच्या. भैरू ताम्हिणीच्या बाजूचा धनगर, अंगानं दांडगा, पण कुणी मोठ्यानं बोललं तरी मान खाली घालणारा. खाली खड्ड्यात नथू गुडघ्यावर बसून बोल्टांच्या भोकांतली माती खरवडून काढत होता. नथू आनंदाच्याच गावचा. दोघं एकाच वर्गात शिकले होते, एकाच सायकलवरून कामाला यायचे.

“नथ्या, वर ये आता,” कुशाबा म्हणाला.

“एकच भोक ऱ्हायलंय, मुकादम.”

तेवढ्यात प्रेस हलला. वारा नव्हता, धक्का नव्हता. तिकाटण्याचा एक पाय पूर्वीच्या खाचराच्या मऊ मातीत बोटभर रुतला होता, तेवढंच. पण तीन टनांना बोटभर पुरतं. धूड हळूहळू फिरू लागलं. साखळी कुरकुरली.

साहेब ओरडले, “स्टेडी! आनंद, स्टेडी इट! स्टेडी!”

इतर शब्द आनंदाला येत नव्हते. पण हा येत होता! शाळेत सव्वीस जानेवारीला पळण्याची शर्यत असे. गुरुजी शिट्टी घेऊन कडेला उभे राहत आणि ओरडत, “रेडी, स्टेडी, गो!” आनंदा दर वर्षी पहिला यायचा. ‘स्टेडी’ला त्याचं अंग पुढे झुकलेलं असे, एक टाच उचललेली असे, आणि ‘गो’ कानात शिरायच्या आत तो सुटलेला असे. त्याच्या लेखी ‘स्टेडी’चा एकच अर्थ होता, आता सुटायचं.

साहेब सोडायला सांगताहेत असं त्याला वाटलं. का सोडायचं, हे विचारायला वेळ नव्हता. शब्द ओळखीचा होता याचाच त्याला क्षणभर आनंद झाला. त्यानं मूठ सैल केली. हातभर दोर सुटला.

प्रेस गर्रकन फिरला. त्या हिसक्यानं समोर भैरूच्या मुठीतून दोर सळसळत निघाला आणि त्याचं टोक सगळ्यांच्या डोळ्यांदेखत जमिनीवर पडलं. धुडाचा खालचा कोपरा खड्ड्यात झुलला. मग एक आवाज आला, ओलं लाकूड मोडल्यासारखा, आणि त्यामागून नथूची किंकाळी.

नथूचा डावा पाय गुडघ्याखाली लोखंड आणि विटांची भिंत यांच्यामध्ये सापडला होता.

कुणी हललं नाही. आनंदाला पुढे कितीतरी वर्षं हेच आठवत राहिलं, की त्या क्षणी कुणीच हललं नाही. साहेबांचं तोंड उघडं होतं, पण त्यातून मराठीही येत नव्हती आणि इंग्रजीही. वर साखळी कुरकुरत होती. तिकाटण्याचा पाय आणखी बोटभर रुतला आणि धूड मागे झुलायला निघालं. मागे गेलेलं वजन पुन्हा पुढे येणार, आणि या खेपेला पायावर थांबणार नाही, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं.

आनंदानं खड्ड्यात उडी मारली. शौर्य वगैरे काही नव्हतं. तो इतका घाबरला होता की वर उभं राहणं त्याला जास्त अवघड वाटलं. त्यानं पाठ विटांना टेकवली, दोन्ही पाय उचलून परत येणाऱ्या लोखंडाला लावले आणि जीव खाऊन रेटा दिला. लोखंड आलं. गुडघे छातीपर्यंत मुडपले. मग ते थांबलं. त्याच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर हिरवा रंग होता आणि त्याला तेलाचा वास येत होता.

“धर!” वरून कुशाबाचा आवाज आला. “आनंदा, धर! हालू दिऊ नगंस! आमी नथ्याला काडतोय!”

नथूला काखेत हात घालून ओढून काढलं. तो गुरासारखा हंबरत होता. मग तो आवाज दूर गेला आणि खड्ड्यात आनंदा एकटा राहिला.

आता तो अडकला होता. पाय सैल केले तर धूड छातीवर येणार. आणि पाय थरथरायला लागले होते. आधी पोटऱ्या, मग मांड्या. पाठीमागच्या विटांमधला चुना सुटून मानेत पडत होता. घामानं डोळे चुरचुरत होते, पण पुसायला हात मोकळे नव्हते. दोन्ही हात त्यानं भिंतीत रोवले होते. ‘चंद्रकला,’ तो मनातल्या मनात बायकोचं नाव घेत होता, दुसरं काही सुचतच नव्हतं. कुशाबा लाकडी ओंडके एकेक करून धुडाखाली सारत होता आणि शांत आवाजात बोलत होता.

“घाबरू नगंस. एक ओंडका बसला. दुसरा बसतोय. आता उतरवतो. आरिया... आरिया... बास. सोड आता पाय.”

आनंदाला पाय सोडता येईनात. ते आखडून गेले होते. दोघांनी त्याला लाकडासारखा उचलून वर काढला.

नथूला साहेबांच्या जीपमधून आधी पौडला आणि तिथून पुण्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. पायाचं हाड तीन ठिकाणी मोडलं होतं. पाय राहील की कापावा लागेल, हे दहा दिवसांनी कळणार होतं.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं की आनंदानं तीन टन लोखंड पायांवर तोललं आणि नथूचा जीव वाचवला. नथूची बायको लीलाबाई दवाखान्यात निघाली होती. ती वाट वाकडी करून त्याच्या दारात आली आणि काही न बोलता त्याच्या पाया पडली. आनंदा दचकून मागे सरला. “वैनी, आसं नका करू, आसं नका करू,” एवढंच तो म्हणत राहिला.

कारण दोर त्यानं सोडला होता. पण त्यात आपली चूक आहे असं त्याला अजून वाटत नव्हतं. साहेबांनी सांगितलं म्हणून सोडला, असं तो स्वतःला बजावत होता. चूक झाली तर साहेबांची. तरीही काहीतरी आत टोचत होतं. त्याला भैरूचे हात आठवत होते. दोर निसटताना भैरूच्या दोन्ही तळव्यांची साल निघाली होती. शेवटपर्यंत ज्यानं धरून ठेवलं होतं त्याचे ते हात होते. आणि आनंदाचे तळवे साफ होते. खांदे सुजले, पाठ सोलवटली, पण तळव्यांवर ओरखडा नव्हता. कुणीतरी हे बघेल, कुणाच्या तरी लक्षात येईल, या भीतीनं तो मुठी मिटून वावरू लागला. चहाचा कपसुद्धा तो उलट्या हातानं धरायचा.

तिसऱ्या दिवशी भैरूला घरी बसवलं. दोर त्याच्या हातातून पडताना सगळ्यांनी पाहिला होता, मग चौकशी कसली करायची? भैरू काही बोललाही नाही. चिंध्या बांधलेले हात घेऊन तो फाटकातून बाहेर पडला. फाटकापाशी आनंदा उभा होता. “माज्या हातून कसा सुटला कळलंच न्हाई गा,” भैरू त्याला म्हणाला. “लई घट धरला हुता मी.”

आनंदानं मुठी आणखी घट्ट मिटल्या.

शनिवारी कारकुनानं त्याच्या हातात टाइप केलेला एक कागद दिला. “तुझा जबाब आहे. वाच, सही कर, सोमवारी आण. पौडहून हवालदार येणार आहेत, त्यांना लागेल.”

कागद इंग्रजीत होता. हवालदार हा शब्द ऐकल्यापासून आनंदाला बाकी काही ऐकू आलं नाही. तो कागद त्यानं सदऱ्याच्या आतल्या बाजूला ठेवला आणि सायकलवर घरी येताना दोनदा उतरून तो जागेवर आहे का ते चाचपलं.

चंद्रकला दहावी झालेली होती आणि वस्तीतल्या विहाराशेजारी बालवाडी चालवायची. घरात बाबासाहेबांच्या तसबिरीखाली तिच्या पुस्तकांची फळी होती. रविवारी सकाळी अंगणात भात वाळत घातलं होतं. कोंबड्या हाकायला हातात काठी घेऊन ती बसली आणि दुसऱ्या हातात तो कागद धरून एकेक शब्द लावू लागली.

“हितं तुमचं नाव हाय. हितं तारीक. भैरूचं नाव हाय, आन त्याच्या म्होरं... निग्लिजन्स. म्हंजे हयगय. भैरूनं हयगय केली आसं लिवलंय.” ती थांबली. “आन तुमच्यासाठी लिवलंय, ‘आय स्टेडीड द लोड ॲज इन्स्ट्रक्टेड.’ सांगितल्याप्रमानं तुमी वजन... स्टेडीड.”

“स्टेडीड म्हंजे?”

“स्टेडीचा भूतकाळ. क्रियापद हाय.”

“मंग बराबर हाय. साहेब स्टेडी म्हनलं, मी स्टेडी केलं.” त्याचा आवाज एकदम चढला. “मी तेच केलं! सोडला दोर!”

कोंबडी भातात शिरली. चंद्रकलानं काठी उचलली नाही. “काय केलं?”

आनंदानं तोंडावर हात दाबला. पण शब्द बाहेर पडला होता. मग त्यानं सगळं सांगितलं. शर्यत, गुरुजी, शिट्टी, हातभर दोर.

चंद्रकला उठली, पदर खोचला आणि शाळेच्या हेडमास्तरांच्या घरी जाऊन जाडजूड शब्दकोश मागून आणला. ‘एस’वर यायला तिला वेळ लागला. बोट ओळीवरून खाली सरकत थांबलं.

“स्टेडी,” तिनं वाचलं. “आदी विशेषन. स्थिर, अढळ, एकसारखा. मंग क्रियापद. स्थिर करने. डळमळू न देने. सावरून धरने.” ती पुढचं वाचत होती, आणि आता तिचाही आवाज बारीक झाला होता. “स्वतः स्थिर होने, ह्याला बी तेच क्रियापद. शिडी धरली तर शिडीला स्टेडी केलं. मानूस तोल जाताजाता सावरला, तर त्यानं स्वतःला स्टेडी केलं.”

“आन शर्यतीत?”

“शर्यतीत बी तेच आसंल की. रेडी म्हंजे तयार व्हा. स्टेडी म्हंजे आता हालू नगा. गो म्हनलं की मंग पळा.”

आनंदा भाताच्या कडेला मटकन बसला. लहानपणी जिंकलेल्या सगळ्या शर्यतींत तो हालू नको म्हटल्यावर सुटत होता, आणि कुणी त्याला कधी अडवलं नव्हतं. साहेबांनी त्याला धरायला सांगितलं होतं. तीनदा सांगितलं होतं. नाव घेऊन. आणि त्यानं सोडलं.

त्याला ओकारी आली. गोठ्याच्या मागे जाऊन तो पोटातलं सगळं ओकला आणि तिथेच भिंतीला धरून उभा राहिला. हवालदार, बेड्या, लीलाबाई पायावर टेकलेलं डोकं वर करून बघते आहे, वस्तीतली माणसं खाली मान घालून बाजूनं निघून जात आहेत, असं सगळं एकामागून एक त्याच्या डोळ्यांपुढून जाऊ लागलं. विहीर जवळच होती. त्यानं विहिरीकडे बघितलं, आणि आपण तिकडे का बघतोय हे ध्यानात आलं. तो धावतच अंगणात परत आला.

“मी सही करतो,” तो म्हणाला. “कुनाला कळनार न्हाई.”

चंद्रकलानं शब्दकोश मिटला. “मी काय सांगू?” ती म्हणाली. “मला बी भ्या वाटतंय. नोकरी जाईल, पोलीस नेतील, पोराबाळांचं काय व्हनार. पन भैरूच्या हाताला चिंध्या हायेत. तुमी सही केली, की रोज तो वाटंत दिसला की भ्याल. रोज लीलावैनी समूर आल्या की भ्याल. सही न्हाई केली तर उद्याचा दिस भ्याल. लई भ्याल. पन उद्याचा.”

सोमवारी आनंदा सायकल न घेता चालत गेला.  मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये टेबलाच्या एका बाजूला हवालदार बसले होते, दुसऱ्या बाजूला नवे साहेब. दाराशी कुशाबा उभा. आनंदानं कागद टेबलावर ठेवला. सहीची जागा कोरी होती.

“सही?” मोठे साहेब म्हणाले.

“हे खोटं हाय, साहेब.” त्याला स्वतःचा आवाज दुसऱ्याच कुणाचा वाटला. “भैरूनं न्हाई सोडला. आदी मी सोडला. म्हनून त्याचा सुटला.” त्यानं दोन्ही हात पुढे केले आणि मुठी उघडल्या. “बघा. माज्या हाताला काय न्हाई.”

नवे साहेब ताडकन उठले. “अरे, पण मी ‘स्टेडी’ म्हणून ओरडलो ना! तीन वेळा ओरडलो!”

“व्हय साहेब. मला वाटलं, स्टेडी म्हंजे सोड.”

“सोड? स्टेडी म्हणजे सोड? एवढा साधा शब्द, लहान पोरालाही कळतो!”

“मला बी न्हाई कळत, साहेब,” दारातून कुशाबा म्हणाला.

सगळे त्याच्याकडे वळले. म्हातारा टोपी हातात घेऊन उभा होता. “आपल्या तोंडाकडं बघून मी अंदाज करतो. आतापातूर बराबर निगाला, येवडंच. गड्यांना इचारा की.”

मोठ्या साहेबांना ते पटलं की राग आला, कळलं नाही, पण त्यांनी टोळीतल्या सगळ्यांना बोलावून घेतलं. एकेकाला पुढे करून विचारलं, स्टेडी म्हणजे काय? पहिला म्हणाला, घाई करा. दुसरा म्हणाला, बास झालं. तिसऱ्याला वाटत होतं, ती साहेबांची शिवी आहे. चौथा म्हणाला, अभ्यास. त्यानं ‘स्टडी’ ऐकलं होतं. साहेबराव नावाचा एक जुना गडी बराच वेळ विचार करून म्हणाला, “साहेब घाबरलं की तसं म्हंतात.” एरवी हसू आलं असतं. त्या खोलीत कुणी हसलं नाही. नव्या साहेबांचा चेहरा एकेका उत्तराबरोबर पांढरा होत गेला. महिनाभर लोंबत्या लोखंडाखाली ते माणसांना हाका मारत होते, आणि एकाही माणसाला ती हाक कळत नव्हती. ते हळूच खुर्चीत बसले. मग त्यांनी हवालदारांना सांगितलं, “माझाही जबाब नव्यानं लिहून घ्या.”

दुपारी भैरूला आणायला माणूस गेला. आनंदाला पंधरा दिवस घरी बसवलं. गुन्हा नोंदला नाही, अपघात म्हणून कागद बंद झाला. आणि मोठ्या साहेबांनी हुकूम काढला की यापुढे वजन लोंबत असताना एकच माणूस बोलेल, आणि तो कुशाबा.

पण आनंदाचं सगळ्यात अवघड काम राहिलंच होतं. त्याच आठवड्यात तो एसटीनं पुण्याला गेला. वॉर्डाच्या दाराशी पोचेपर्यंत त्याला माहीत नव्हतं की नथूचा पाय आहे की नाही. पांघरुणाखाली दोन उंचवटे दिसले तेव्हा त्याला हुंदका आवरेना. लीलाबाई स्टुलावर बसली होती. तिच्यादेखतच त्यानं सांगितलं. तिनं तोंडाला पदर लावला आणि उठून खिडकीशी गेली.

नथू छताकडे बघत होता. “म्हंजे तूच सोडलंस,” तो म्हणाला.

“व्हय.”

“आन तूच धरलंस.”

आनंदानं खाटेचा दांडा धरला.

“मंग मी आता शिव्या कुनाला घालू रे?” नथूचे डोळे भरले. त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं. “जा तू आता. आज नगं माज्या म्होरं.”

नथूचा पाय राहिला, पण दोन बोटं आखूड झाला. खलाशाचं काम संपलं. कारखान्यानं त्याला फाटकावर बसवलं. वर्षभर तो आनंदाशी बोलला नाही. आनंदा सकाळी आत जायचा तेव्हा तो वहीत नाव लिहायचा आणि मान वर करायचा नाही. लीलाबाई मात्र चार महिन्यांनीच चंद्रकलाकडे यायला लागली, आधी ताकासाठी, मग नुसतीच.

पंधरा दिवसांनी आनंदा कामावर आला तेव्हा प्रेस अजून ओंडक्यांवरच होता. कुशाबानं तो त्याच्यासाठी तसा ठेवला होता असं नाही, पण त्यानं दोर आणून आनंदाच्याच हातात दिला. खांबांखाली आता जाड फळ्या टाकल्या होत्या. समोर भैरू उभा होता, तळव्यांवर नवी गुलाबी कातडी.

“मुकादम, मला न्हाई जमायचं,” आनंदा म्हणाला.

“कापतायत का हात?”

“व्हय.”

“कापू दे. मूठ मिट, म्हंजे झालं.”

साखळी कुरकुरली तशी आनंदानं मूठ आवळली. धूड ओंडक्यांवरून वीतभर उचललं गेलं. ते खाली बसायला अर्धा तास लागला.  प्रेस बोल्टांवर बसला तेव्हा त्याची बोटं दोरावरून सोडवायला भैरूला यावं लागलं.

सत्याऐंशीत कुशाबा थकून गावी गेला आणि आनंदा मुकादम झाला. वजन उचलायच्या आधी तो टोळीला रांगेत उभं करायचा आणि प्रत्येकाला विचारायचा, मी आरिया म्हनलं तर तू काय करशील? धर म्हनलं तर काय करशील? रोज तेच, महिनोन्‌महिने. नव्या गड्यांना कंटाळा यायचा. ते त्याला पाठीमागे भित्रा मुकादम म्हणायचे. त्याच्या कानावर आलं होतं ते. त्यानं कधी नाकारलं नाही. साखळीवर वजन लोंबू लागलं की त्याचं तोंड कोरडं पडायचं, ते नोकरी संपेपर्यंत पडत राहिलं, आणि वजन जमिनीला टेकलं की तो शेडच्या बाहेर जाऊन थोडा वेळ खाली बसायचा. तसं बसलेलं असताना कधी कधी नथू फाटकावरून लंगडत यायचा आणि न बोलता त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या धरायचा.